पुस्तक शेजारच्या तालुक्यात आहे, पण...

आज दुपारभर आमच्या वाचनालयात दाखल नोंदवहीतली पुस्तकं 'ई-ग्रंथालय'मध्ये चढवत बसले होते. एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक-संस्थेचं हे ग्रंथालयांसाठीचं सॉफ्टवेअर. जुन्या वहीतली निळी शाई पार फिकी पडलीय, कुठे लेखकाच्या रकान्यात नुसतं 'सदर'. मग वरच्या नोंदी चाळत मूळ नाव शोधायचं.

मध्येच एक निवृत्त गुरुजी आले. बखरींवरचं एक जुनं पुस्तक हवं होतं, आमच्याकडे नाही. शेजारच्या तालुक्यात फोन केला. तिथल्या ताईंनी कपाट उघडून बघितलं आणि निघालं की! पण बाहेरच्या सभासदाला देता येत नाही म्हणाल्या. गुरुजींचा चेहरा उतरला, फार वाईट वाटलं.

दिल्लीत १९८८मध्ये सुरू झालेल्या 'डेलनेट' या ग्रंथालयांच्या जाळ्यातली सभासद ग्रंथालयं एकमेकांना पुस्तकं देतात. आपल्या महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७चा, शासनमान्य वाचनालयं हजारोंनी. निदान जिल्ह्यापुरती तरी सगळ्यांची यादी एकत्र व्हावी. पुस्तक काय, एसटीच्या पार्सलनेही येईल. वाचकाची हमी त्याच्या वाचनालयाने घ्यायची.

सोमवारी दोन्हीकडच्या कार्यवाहांना भेटून हेच सांगणार आहे. गुरुजीही येतो म्हणालेत.