द्राक्षबागेतल्या नोडसाठी प्रोटोकॉल निवडताना

दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्षबागेत पानांवरचा ओलावा मोजणारे, बॅटरीवर चालणारे आणि नोंदी मोबाइल नेटवर्कवरून पाठवणारे नोड, म्हणजे छोटी संवेदक यंत्रे, बसवण्याचे काम मी केले. फळछाटणीनंतर वेली उघड्या असतात तोवर मोबाइलची रेंज बरी मिळते. मांडवावर पाने दाटली आणि पहाटे त्यांवर दव साचले की ती ढासळते, आणि डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या दृष्टीने मोलाची नोंद नेमकी त्याच वेळची असते.

नोंदी पाठवण्यासाठी एमक्यूटीटी आणि कोॲप असे दोन प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी संदेश कसे पाठवायचे याच्या नियमावल्या, माझ्यासमोर होते. एमक्यूटीटी टीसीपीवर, म्हणजे आधी जोडणी करून मग माहिती पाठवणाऱ्या पद्धतीवर चालतो. झोपेतून उठलेल्या नोडला आधी टीसीपीची जोडणी करावी लागते, मग ब्रोकरला (संदेश घेऊन पुढे पोचवणाऱ्या सर्व्हरला) विनंती पाठवून सहसा त्याच्या होकाराची वाट पाहावी लागते, आणि त्यानंतर कुठे नोंद निघते. पहाटेच्या लॉगमध्ये मोडेमचा जागेपणीचा बहुतेक वेळ या तयारीतच जात असल्याचे दिसले. १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्गे देखरेख ठेवण्यासाठी घडलेला हा प्रोटोकॉल जोडणी टिकवून धरणाऱ्या यंत्राला उत्तम आहे. दर वेळी झोपी जाणाऱ्या नोडला तो महाग पडतो. कोॲप यूडीपीवर, म्हणजे जोडणी न करता थेट पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) पाठवणाऱ्या पद्धतीवर चालतो आणि त्याचे मूळ शीर्ष (प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीची ओळखमाहिती) अवघे ४ बाइटांचे असते. पोच (संदेश मिळाल्याचे उत्तर) मागितली आणि ती आली नाही, तर तो २ ते ३ सेकंद थांबून, दर खेपेला मुदत दुप्पट करत, जास्तीत जास्त ४ वेळा तेच पॅकेट पुन्हा पाठवतो.

निवडीचा खरा निकष मला बागाईतदारांकडून मिळाला. ते म्हणाले, “पान ओलं राहिलं की मला लगेच कळलं पाहिजे, बाकीचे आकडे दुपारी आले तरी चालतील.” त्यानुसार बॅटरी, सिग्नल आणि नोंदीची निकड या तिन्हींवरून नोडच निर्णय घेईल असा छोटा तक्ता मी कोडमध्ये ठेवला, कारण मेमरी इतकी तुटपुंजी होती की त्याहून अवजड काही त्यात मावले नसते. ओलाव्याचा इशारा कोॲपने पोच मागून जातो, नेहमीची नोंद पोचेविना जाते, आणि साठलेल्या नोंदी दुपारी सिग्नल सुधारल्यावर एमक्यूटीटीच्या एकाच जोडणीतून पाठवल्या जातात. सिग्नल एकदा घसरला म्हणून लगेच प्रोटोकॉल बदलत नाही. सलग काही मोजण्यांत तीच स्थिती दिसावी लागते, नाहीतर या अदलाबदलीतच बॅटरी संपते.

सिग्नलची मर्यादा मात्र मी अजून हाताने ठरवतो, आणि पाने वाढतील तशी ती बदलावी लागते. पुढच्या छाटणीपर्यंत नोडने ती हरवलेल्या पॅकेटांवरून स्वतःच ठरवावी, यासाठी सध्या कोड लिहितो आहे.