डिपॉझिटमधून कापलेले ४१,००० आणि एकेका ओळीचा हिशेब

पुण्यातला भाड्याचा फ्लॅट सोडला तेव्हा डिपॉझिट ७५,००० होतं. घरमालकांनी ३४,००० पाठवले आणि व्हॉट्सॲपवर कपातीची यादी: रंगकाम २२,०००, गीझर ८,५००, साफसफाई ३,५००, सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस ७,०००. अशा वेळी फोनवर हुज्जत घालून काही हाती लागत नाही. प्रत्येक रकमेला तीनच प्रश्न विचारायचे: करारात हे कुठे लिहिलंय, ही झीज आहे की नुकसान, आणि बिल कुठे आहे?

पैसे आल्याबरोबर लिहून कळवलं, "३४,००० मिळाले, उरलेल्या रकमेवरचा हक्क राखून स्वीकारत आहे." नुसतं "ओके" पाठवलं की उद्या तीच तुमची संमती म्हणून पुढे केली जाते.

मग लीव्ह अँड लायसन्सची, म्हणजे भाड्याच्या कराराची, नोंदणीकृत प्रत काढली. "घर सोडताना रंगासाठी एक महिन्याचं भाडं कापलं जाईल" अशी ओळ पुष्कळ करारांत असते. ती असेल आणि खाली तुमची सही असेल, तर तेवढे पैसे गेलेच समजा. माझ्या करारात फक्त "वाजवी झीज वगळता आहे त्या स्थितीत ताबा परत देणे" एवढंच होतं. भिंती मळणं, रंग फिका पडणं ही झीजच. शेल्फसाठी ड्रिलने पाडलेली भोकं मात्र झीज नव्हे. लांबी (पुट्टी) भरून तेवढी भिंत रंगवायचे २,००० मी आपणहून मान्य केले. देणं लागतं ते आधी कबूल केलं की बाकीच्या नकाराला वजन येतं.

गीझरच्या ८,५०० मध्ये तर अख्ख्या नव्या गीझरची किंमत लावली होती. बोअरचं जड पाणी असलं की कॉइलवर क्षारांचा पांढरा थर बसतो, उष्णता पाण्यात उतरत नाही आणि कॉइल तापून जळते. टाकी गळत नसेल तर कॉइल आणि गॅस्केट बदलून भागतं. घर सोडण्याआधीच मेकॅनिककडून लेखी कोटेशन घेतलेलं होतं: १,२००. किरकोळ दुरुस्ती करारानुसार माझ्याकडे होती, म्हणून तेवढे मान्य केले.

नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सोसायटी सभासदाकडून घेते, घर भाड्याने दिलं म्हणून. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने त्यावर सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. करारात भाडेकरूवर टाकलेलं नसेल तर ते मालकानेच भरायचं. साफसफाईचं बिल नव्हतं. १,५०० वर सोडून दिलं, तिथे ताणण्यात राम नव्हता.

कबूल केलेले ४,७०० वजा करून ३६,३०० ची मागणी एका पानात लिहिली, १५ दिवसांची मुदत दिली आणि स्पीड पोस्टने व ईमेलने पाठवली. सोबत करार, ताबा देतानाचा व्हिडिओ, मेकॅनिकचं कोटेशन आणि महावितरणच्या शेवटच्या बिलाची पावती. पोलिसांची धमकी घातली नाही. हा दिवाणी वाद, चौकीतून परतच पाठवतात.

पुढची पायरीही पत्रात नमूद केली होती: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज, म्हणजे कोर्टात दावा लावण्याआधी तडजोडीसाठी केलेला अर्ज. त्याला कोर्ट फी नाही, आणि लोकअदालतीत तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का, वर अपील नाही. अडचण एकच, समोरचा तडजोडीला तयार हवा. नसेल तर दिवाणी दावा. त्याची मुदत साधारण तीन वर्षं. कोर्टात व्हॉट्सॲप चॅट द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा वाद मिटेपर्यंत तो फोन विकू नका.

करार नोंदवलेलाच नसेल तरी घाबरू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकतं, आणि नोंदणी नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.

मुदतीच्या आत घरमालकांचा फोन आला: "आधी फुल अँड फायनलवर (सगळा हिशेब मिटल्याच्या कागदावर) सही करा, मग ट्रान्सफर करतो." सही ३६,३०० खात्यात जमा झाल्यावर केली.