एका टर्नमध्ये चार वार: आमच्या टेबलावरचा हिशोब

आमचा डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं रंगवायचा खेळ) ग्रुप बेळगावात टिळकवाडीत जमतो, रविवारी दुपारी. चार खेळाडू आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी. चौघांतला एक खानापूरहून येतो आणि त्याला संध्याकाळची बस गाठायची असते. एकाच खेळाडूला एका टर्नमध्ये (पाळीत) किती वार मिळावेत यावरून आमचं वाजलं, आणि त्यातलं अर्धं भांडण वेळेचं आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

ग्रुप माझ्याकडे मध्येच आला. आधीचा डीएम नोकरीला पुण्याला गेला आणि जाता जाता फायटरच्या, म्हणजे लढवय्या पात्राच्या, हातात फ्लेम टंग नावाची जादूची तलवार देऊन गेला. ही तलवार पाचव्या आवृत्तीच्या नियमांतलीच आहे. पेटवली की लागलेल्या प्रत्येक वारामागे आगीचे २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) डॅमेज वेगळं. फायटर खेळतो माझा आतेभाऊ, वयाने सगळ्यांत मोठा, त्यामुळे सगळ्यांचाच दादा. पाचव्या लेव्हलला फायटरला एका ॲक्शनमध्ये दोन वार मिळतात. ॲक्शन सर्ज वापरली की त्याच टर्नमध्ये आणखी दोन.

राजहंसगडावरून सुचलेल्या एका किल्ल्याच्या भुयारात मी एक खवीस बसवला होता. आकडे २०१४ च्या पुस्तकातल्या ट्रोल राक्षसाचे घेतले: आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) १५, हिट पॉइंट (संपले की आडवा) ८४. इनिशिएटिव्ह, म्हणजे पाळीचा क्रम, त्यात दादा पहिला. ॲक्शन सर्जचे धरून चारही वार लागले, वर एक नॅचरल ट्वेंटी, म्हणजे फाशावर थेट २०: क्रिटिकल, डॅमेजचे फासे दुप्पट. फासे मोजायचं काम आमच्या चोराकडे असतं. रोग (rogue) या क्लासला, म्हणजे पात्राच्या प्रकाराला, आम्ही चोरच म्हणतो. तो घरी कन्नड बोलतो आणि बेरीजही कन्नडातच करतो. "ऐदु, हन्नोंदु, हदिनाल्कु..." करत करत बेरीज ८४ च्या पार गेली. खवीस आडवा. बाकीच्या तिघांनी फासा हातातसुद्धा घेतला नव्हता.

"मग आम्ही काय करायचं की रे? चहा पिऊन बस पकडायची?" खानापूरवाल्याचा प्रश्न. तो विझर्ड, म्हणजे जादूगार, खेळतो, फायरबॉलचा मंत्र तयार ठेवून बसला होता बिचारा.

सगळ्यांचं म्हणणं एकच पडलं, दादाचे वार कमी कर. मला ते पटेना, म्हणून वही घेऊन बसलो. वार लागतो का ते वीस बाजूंच्या फाशावर (डी२०) ठरतं; दादा आणि चोर, दोघांचाही फासा अधिक ७ धरला. आर्मर क्लास १५ म्हणजे ८ किंवा वर पडायला हवेत, शक्यता ६५ टक्के. तलवारीची आग विझवली तर दादाच्या ग्रेटसोर्डचा एक वार सरासरी ११. दोन वार आणि क्रिटिकल धरून टर्नला साधारण १५. चोराचा वार एकच, पण त्याला स्नीक अटॅकचे, म्हणजे छुप्या वाराचे, ३डी६ जोडलेले. त्याचे टर्नला साधारण १२ होतात. फायटरने समोर उभं राहून मार खायचा असतो, त्यामुळे एवढा फरक मला रास्त वाटतो.

आता आग पेटवा. दादाचे १५ चे जवळजवळ २५ होतात. हीच तलवार, शॉर्टसोर्डच्या रूपात, चोराला दिली असती तर त्याचे १२ चे १७. एकाच वस्तूने एकाला १० दिले, दुसऱ्याला ५. ॲक्शन सर्जला तर दादाला तीच वस्तू चार वेळा मिळते. दोन वार हा क्लासच्या गणितात आधीच धरलेला भाग आहे, त्यात काही बिघडलेलं नाही. गडबड होते ती वाराला चिकटणाऱ्या जादा फाशांची. विषारी बाण असो, हेक्स असो की हंटर्स मार्क (हे दोन्ही मंत्र), "प्रत्येक वाराला" असं लिहिलेलं दिसलं की आता मी आधी वार मोजतो.

पण टेबलावर वही दाखवून भागत नाही. ग्रुपचा आग्रह म्हणून पहिल्यांदा दंडाची पद्धत लावून पाहिली: दुसऱ्या वाराला उणे ५. ही कल्पना जुनीच. डी अँड डीच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत पुढचे वार पाच-पाचने उतरत जायचे, आणि पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत दुसऱ्या वाराला उणे ५, तिसऱ्याला उणे १०. पाथफाइंडरमध्ये ते शोभतं, कारण टर्नला तीन ॲक्शन असतात. तिसरा वार नको असेल तर ढाल उचला, मागे सरका. दंड तिथे विचार करायला लावतो. आमच्या खेळात दुसऱ्या वाराच्या बदल्यात करण्यासारखं फारसं काही नाही. दादा फासा टाकतच राहिला, फक्त जास्त वेळा चुकला. वेळ तेवढाच गेला. आगीसकट सरासरी २० वर आली खरी, पण उद्या तलवार हरवली तर तोच फायटर १२ वर, म्हणजे चोराच्याही किंचित खाली. उपाय काढून टाकला, आणि सगळ्यांत आधी चोरच म्हणाला की बरं झालं.

मग चोराचाच नियम उचलला. स्नीक अटॅक टर्नमध्ये एकदाच लागतो. तलवारीची आगही टर्नमध्ये एकदाच. दादाला सांगायचं धाडस गोळा करायला लागलं, कारण मोठ्या भावाच्या हातातली वस्तू काढून घेणं आमच्या घराण्यात चालत नाही.

"दादा, आग एकदाच. पण कुठल्या वाराला, ते तू ठरव. वार लागल्यावर सांगितलंस तरी चालेल."

"ट्वेंटी पडल्यावर सांगितलं तर?"

"तरी चालेल. फासे दुप्पट."

यावर तो गप्प झाला आणि मग हसला. तो पहिला वार लागला तरी आग राखून ठेवतो, दुसऱ्यावर ट्वेंटीची आशा धरतो, आणि दुसरा चुकला की कपाळावर हात मारतो. जुगारच. सांभाळून खेळलं तर सरासरी २१ च्या आसपास राहते, म्हणजे तलवार जादूचीच राहिली. फरक पडला तो टोकाला. खवीसाच्या त्या टर्नचा हिशोब सरासरीने मांडला तर जुन्या नियमाने ८६ येतात, नव्याने ६५. खवीस १९ हिट पॉइंटवर उभा असता आणि फायरबॉलला काम मिळालं असतं.

दादाच्या लांबणाऱ्या टर्नवरचा उपाय अगदी साधा निघाला. दोन वार असतील तर दोन रंगांचे डी२० आणि त्याच रंगांचे डॅमेजचे फासे, सगळे एका मुठीत. लाल चुकला तर लाल फासे बाजूला, काळ्यांची बेरीज. दोघा शत्रूंवर वार वाटायचे असतील तर टाकण्याआधी बोलायचं. दादाचा टर्न आता चोराच्या टर्नएवढाच चालतो.

राक्षसांनाही हेच लावावं लागलं. ट्रोलचे तीन वार, एक चावा आणि दोन पंजे, सगळे लागले तर सरासरी २९. आमच्या विझर्डचे हिट पॉइंट ३२. तिन्ही एकावर टाकले तर तो उरलेली लढाई मोबाइल बघत काढणार. म्हणून मी चावा एकाला, पंजे दुसऱ्याला, असं वाटतो. मोठ्या खविसाला एकटाही सोडत नाही. सोबत ७ हिट पॉइंटवाले गॉब्लिन पेरून ठेवतो. गॉब्लिनवर चोराचा १८ चा वार पडला तर ११ वाया जातात. दादा मात्र एका टर्नमध्ये दोन गॉब्लिन पाडतो, मध्ये चालूनसुद्धा. गर्दीत त्याचं राज्य, एकट्या शत्रूपुढे चोराचंही चालतं.

आता चोराने दोन शॉर्टसोर्ड मागितल्या आहेत. बोनस ॲक्शनचा (टर्नमधल्या जादा छोट्या कृतीचा) दुसरा वार मिळाला तर दोनांतला एक तरी लागायची शक्यता ६५ वरून जवळजवळ ८८ टक्क्यांवर जाते, आणि स्नीक अटॅक तरीही एकदाच. मी हो म्हटलंय. दादा म्हणतो, त्यालाही दोन रंगांचे फासे लावा.