आठ नंबरचा पाना

आमच्या दारात 1999 सालची मारुती 800 उभी असते. ती मूळची मामांची. जांबोटीला पत्र्याच्या शेडखाली तिने वीसहून अधिक पावसाळे काढले आणि मामांना रात्रीचे नीट दिसेनासे झाल्यावर ती बेळगावात, टिळकवाडीत, आमच्याकडे आली. खानापूर तालुक्याच्या त्या पश्चिम पट्ट्यातला पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांना वेगळे सांगायला नको; जूनमध्ये भिंतींना धरलेली ओल दसऱ्यापर्यंत हटत नाही आणि काड्यापेटीसुद्धा चुलीच्या उबेला ठेवावी लागते. अशा हवेत उभ्या असलेल्या गाडीच्या पोटाखाली काय चालले असेल, याचा विचार आम्ही कोणीच केला नव्हता, कारण गाडी पुसणाऱ्याचे फडके दाराच्या खालच्या कडेपर्यंत जाते आणि तिथेच थांबते.

मागच्या मे महिन्यात चोर्ला घाटाने गोव्यातल्या साखळी गावाकडे उतरताना, चौथ्या-पाचव्या वळणावर, ब्रेकचे पॅडल पावाच्या लादीवर पाय ठेवावा तसे मऊ लागले. गाडी थांबली, पण पाय जवळजवळ तळाला जाऊन. बॉनेट उघडून डबीतले ब्रेक ऑईल पाहिले, तर ते दोनदा उकळलेल्या चहाच्या रंगाचे झाले होते. हे तेल हवेतले पाणी शोषून घेते. डॉट 3 प्रतीचे नवे तेल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की 140 अंशांनाही त्याला उकळी फुटू शकते. घाट उतरताना तापलेल्या ब्रेकजवळ एकदा वाफ झाली, की पायाचा जोर चाकापर्यंत न पोहोचता ती वाफ दाबण्यातच खर्च होतो. म्हणून दर दोन वर्षांनी जुने तेल काढून नवे भरावे, असे सांगतात. मामांनी ते शेवटचे कधी बदलले होते, हे विचारल्यावर त्यांनी विषय आंब्यांकडे वळवला.

तेल काढायची वाट म्हणजे निप्पल. प्रत्येक चाकामागे, ब्रेकच्या सिलिंडरवर, करंगळीच्या पेराएवढा एक पोकळ स्क्रू असतो. त्याचे टोक निमुळते असून ते आतल्या बैठकीवर घट्ट बसते. पाव-अर्धा आटा सैल केला की टोक उचलले जाते आणि तेल पोकळीतून बाहेर येते. नवा घ्यायला गेल्यास पाव किलो कुंद्याहूनही कमी पैसे पडावेत, अशी ही वस्तू. उद्यमबागेत टनावारी जोर लावणारे हायड्रॉलिक प्रेस बनवणाऱ्या आमच्या गावाला, कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम नव्याने शिकवायची गरज नाही, पण तो नियम शेवटी या चिमुकल्या स्क्रूच्या मर्जीवर चालतो, हे मला माहीत नव्हते. त्याच्या डोक्यावर रबराची एक टोपी असते. ती निघून पडली की पोकळीत पाणी आणि लाल माती शिरते, आटे गंजतात आणि स्क्रू सिलिंडरशी एकजीव होतो. आमच्या गाडीच्या चारही निप्पलांपैकी एकावरही टोपी नव्हती.

इथे माझा शहाणपणा आडवा आला. हे काम घरच्या घरी होईल असे मला वाटले. मागच्या डाव्या चाकाशी मी आडवा झालो, निप्पलला साधा फिक्स पाना लावला आणि जोर केला. पाना फिरला; निप्पल फिरले नाही. सहा कोपऱ्यांपैकी दोन गुळगुळीत झाले होते, हे मला उठून हात धुताना कळले, आणि ही गोष्ट घरात कोणालाही न सांगता मी गाडी आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्रींची मातृभाषा कन्नड. आमच्याशी ते मराठी बोलतात, हाताखालच्या पोराशी कन्नड आणि स्पेअर पार्टवाल्याशी फोनवर हिंदी. ते चाकाखाली वाकले, बॅटरी मारली आणि मला म्हणाले, “सर, ह्याला कुणी हात लावलाय काय वो?” मी मामांच्या वयाचा उल्लेख केला. मामांनी हे वाचू नये.

त्या दिवशी त्यांनी पानाच हाती घेतला नाही. तारेच्या ब्रशने चारही निप्पलांच्या मुळाशी साचलेला गंज खरवडला, आट्यांच्या कडेला गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन-दोन थेंब सोडले आणि गाडी ठेवून जायला सांगितले. दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब. गॅसची नळी कोपऱ्यात उभी होती, म्हणून मी सुचवून पाहिले. त्यावर त्यांनी मान हलवली. लोखंड तापवले तर आटे सुटतात खरे, पण सिलिंडरच्या आतल्या रबरी वाट्या जळतात आणि मग निप्पल सुटूनही उपयोग राहत नाही.

तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम बघायला गेलो. त्यांनी ड्रिलचा एक जुना दांडा निप्पलच्या भोकात सरकवला, जेणेकरून पोकळ स्क्रू पिचकू नये, आणि लहान हातोडीने डोक्यावर टिचक्या माराव्यात तसे ठोके दिले. मग आठ नंबरचा, सहा कोपऱ्यांचा रिंग पाना बसवला आणि निप्पल आधी आवळले! सोडायचे ते आवळतात कशाला, असे माझ्या चेहऱ्यावर उमटले असावे. पण केसभर आवळून, केसभर सोडून, पुन्हा ठोके देऊन ते त्या स्क्रूला जागच्या जागी डोलवत होते आणि तोंडाने कन्नडात “बा, बा”, म्हणजे “ये, ये” असे, गोठ्यात वासराला बोलवावे तसे, पुटपुटत होते. गंजलेल्या लोखंडाशी कोणत्या भाषेत बोलावे, यावरून बेळगावात दुमत झालेले मी पाहिलेले नाही.

मग ‘कट’ असा आवाज झाला. सुपारी अडकित्त्यात फुटावी तसा, कोरडा आणि छोटा. मिस्त्री हसले. हा आवाज हवा, ते म्हणाले. गंज तुटला की तो कडकच बोलतो. आवाज न होता पाना लोण्यातून फिरावा तसा मऊ फिरू लागला, तर हात तिथेच थांबवायचा, कारण मग स्क्रू सुटत नसतो, पिळला जात असतो. पुढच्या क्षणी डोके पान्यात आणि धड सिलिंडरात! या दोन स्पर्शांतला फरक मनगटाला कळायला त्यांना किती वर्षे लागली, हे मी विचारले. उत्तरादाखल त्यांनी एक डबा दाखवला. त्यात मुंडकी तुटलेली निप्पले होती.

तीन चाके अशी सुटली. चौथे, म्हणजे मी हात लावलेले, ग्रिप पकडीतही सुटेना. एकदा ते किंचित हलले, पण मऊ हलले, आणि मिस्त्रींनी पकड काढून घेतली. “ह्याला मोडून काय मिळणार वो? सिलिंडरच बदलू.” पाइपाचा नट तसाच गंजला होता, त्याला पुन्हा दोन तास गेले. मग पारदर्शक नळी बाटलीतल्या तेलात बुडवून, पोराला पॅडलवर बसवून, मागच्या लांबच्या चाकापासून हवा काढणे सुरू झाले. “दाब... धर... सोड” ही हाक तिन्ही भाषांत ऐकली. नळीतून आधी काळसर पाणी, मग बुडबुडे, आणि शेवटी मधासारखे स्वच्छ तेल आले. चारही डोक्यांवर नव्या टोप्या बसल्या.

जुना सिलिंडर मी मागून घरी आणला. तो मागच्या अंगणात कपडे धुण्याच्या दगडावर असतो. दर रविवारी त्याला दोन थेंब घालतो, ठोके देतो, पकडीने आधी आवळतो आणि मग सोडतो. “बा, बा” म्हणून पाहिले. माझ्या कन्नडला तो दाद देत नाही. गेल्या रविवारी मात्र पकडीखाली काहीतरी आवाज झाला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोने विचारले, “काय मोडलं वो?”

पकड तशीच धरून मी थोडा वेळ उभा राहिलो. आवाज कडक होता की नव्हता, ते मला आठवेना.