कडा झिजतो, वाळू चालते

शाळेत असताना भूगोलाच्या वहीत सागरी लाटांच्या कार्याचे दोन रकाने करायची पद्धत होती. एका रकान्यात खनन, त्याखाली समुद्रकडा, गुहा, कमान आणि स्तंभ. दुसऱ्यात संचयन, त्याखाली पुळण, वाळूचा दांडा आणि खाजण. परीक्षेपुरती ही मांडणी सोयीची होती, पण तिने माझ्या डोक्यात एक गैरसमज घट्ट रुजवला, तो असा की समुद्र काही किनारे तोडतो, काही बांधतो आणि या दोन कामांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. या दोहोंना जोडणारा ‘वहन’ हा शब्द आम्ही दीड ओळीत उरकत असू.

तो गैरसमज पुढे अनेक वर्षांनी शिंपल्याच्या एका तुकड्यामुळे गेला. ओहोटी लागली होती, लाटा किनाऱ्याला किंचित तिरक्या येत होत्या आणि पाण्याच्या कडेशी नखाएवढा, आतून जांभळट असा तो तुकडा पडला होता. लाट फुटून वर चढली की तुकडा तिच्याबरोबर तिरका वर जाई; परतणाऱ्या पाण्याला मात्र लाटेची दिशा उरलेली नसते, ते उताराच्या ओढीने सरळ खाली येते, म्हणून तुकडाही सरळ खाली येई. कधी वीतभर, कधी बोटभर असा बाजूला सरकत, वाळूवर करवतीच्या दात्यांसारखी वाट आखत, अर्ध्या तासात तो वीसेक पावले पुढे गेला आणि मग एका मोठ्या लाटेत मला दिसेनासा झाला. त्याच्याबरोबर वाळूचे किती कण तेवढेच पुढे गेले असतील, याचा विचार मनात आला आणि पायाखालची पुळण ही एका जागी पडून राहिलेली वस्तू आहे, हे मानणे मला त्या दिवसापासून जमलेले नाही.

लाटेविषयीही अशीच एक चुकीची समजूत असते. खोल समुद्रात लाट पुढे जाते, पाणी जवळजवळ जागच्या जागी गोल फिरते. प्रवास ऊर्जा करते. ही हालचाल लाटेच्या लांबीच्या साधारण निम्म्या खोलीपर्यंतच जाणवते. पाणी त्याहून उथळ झाले की लाटेचा तळ जमिनीला लागू लागतो, तिचा वेग कमी होतो, उंची वाढते आणि शेवटी ती स्वतःलाच न पेलवून पुढे कोसळते. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की भूशिरासमोरचा तळ सहसा आधी उथळ होत असल्यामुळे लाट तिथे आधी मंदावते, दोन्ही बाजूंनी वळते आणि आपली ताकद भूशिरावर एकवटते, तर शेजारच्या उपसागरात तीच ताकद पसरून सौम्य होते. म्हणून पुढे आलेली जमीन जास्त झिजते आणि आत गेलेल्या वळणात गाळ साठतो.

कड्यावर नुसते पाणी आदळून फारसे बिघडत नाही. लाट येते तेव्हा खडकाच्या भेगांत हवा कोंडली जाते आणि दाबली जाते, लाट मागे हटली की ती एकदम प्रसरण पावते, आणि हे दिवसाकाठी हजारो वेळा घडत राहिल्याने भेगा रुंदावतात. त्यात सुकलेल्या तुषारांतून मिठाचे स्फटिक तयार होऊन खडकाचे कण सुटे करतात. पाण्याने उचललेली वाळू आणि गोटे कड्याच्या पायथ्यावर घासतात, ते अपघर्षण. तेच गोटे एकमेकांवर आपटून गुळगुळीत होतात, ते सन्निघर्षण. गोट्यांच्या किनाऱ्यावर लाट परतताना जो लांबलचक खडखडाट ऐकू येतो, तो या दुसऱ्या क्रियेचाच आवाज आहे, आणि पाठ्यपुस्तकातली इतकी रुक्ष संज्ञा इतकी श्राव्य असावी याची मला अजून गंमत वाटते. पायथ्याशी खाच पडते, ती खोल होत जाते, वरचा कडा आधाराविना कोसळतो आणि किनारा मागे सरकताना पायथ्याशी लाटांनी घासून सपाट केलेला खडकाचा ओटा, म्हणजे तरंगघर्षित मंच, उरतो.

गुहा आरपार झाली की कमान, कमानीचे छत पडले की स्तंभ, ही मालिका आकृतीत फार संथ वाटते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात चुनखडीची एक दुहेरी कमान ‘लंडन ब्रिज’ या नावाने ओळखली जात असे. १५ जानेवारी १९९० रोजी तिचा जमिनीकडचा भाग कोसळला आणि पलीकडे गेलेले दोन पर्यटक समुद्रात एकाकी उभ्या राहिलेल्या खडकावर अडकले. त्यांना हेलिकॉप्टरने सोडवावे लागले. तयारीला हजारो वर्षे लागली असतील. पूल तुटून बेट व्हायला मात्र काही क्षण पुरले.

भूशिरे झिजतात आणि उपसागर भरत जातात, तर मग सगळे किनारे एव्हाना सरळ का झाले नाहीत, हा प्रश्न मला बरेच दिवस सतावत असे. खडक सर्वत्र सारखा कठीण नसतो, हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर असे की समुद्राला सध्याच्या पातळीवर काम सुरू करून फार काळ लोटलेला नाही. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होती. बर्फ वितळत गेला, दऱ्यांत पाणी शिरले आणि आजचा किनारा ठरायला लागून जेमतेम सहा-सात हजार वर्षे झाली आहेत.

इंग्लंडच्या पूर्वेकडील होल्डरनेसचा किनारा याच बर्फाने मागे टाकलेल्या गोटेमिश्रित चिकणमातीचा आहे. ही माती लाटांपुढे टिकत नाही, त्यामुळे तो कडा सरासरी दरवर्षी दीड ते दोन मीटर मागे हटतो आणि जुन्या नकाशांतली कित्येक गावे आज समुद्रात आहेत. माझ्या वहीत हे उदाहरण निःसंशय खननाच्या रकान्यात गेले असते. पण कड्यातून सुटलेली चिखलमाती पाण्यात तरंगत दूर जाते, वाळू आणि गोटे त्या शिंपल्याच्या तुकड्याप्रमाणे किनाऱ्याने दक्षिणेकडे चालत राहतात, आणि जिथे हंबर नदीच्या मुखाशी किनारा वळतो तिथे त्यांचा सुमारे पाच किलोमीटर लांबीचा ‘स्पर्न’ नावाचा दांडा तयार झाला आहे. वरच्या शेतांचे नुकसान हेच खालच्या दांड्याचे उत्पन्न. १९९१ मध्ये मॅपलटन या गावाच्या रक्षणासाठी समुद्रात दोन दगडी बांध घातले गेले. त्यांनी वाळू अडवली, गावापुढची पुळण रुंद झाली, आणि दक्षिणेला वाळू कमी पोहोचू लागल्याने तिथला कडा उघडा पडून अधिक वेगाने झिजू लागला. गाव वाचवणे चूक होते असे मला म्हणवत नाही, पण त्याची किंमत शेजाऱ्याने मोजली, हे खरे.

स्पर्नही कायमचा नाही. मध्ययुगात याच मुखाशी वाळूच्या पट्ट्यावर रेव्हेन्सर ऑड नावाचे भरभराटीचे बंदर उभे राहिले होते आणि चौदाव्या शतकात ते समुद्राने पुरते गिळले. ५ डिसेंबर २०१३ रोजी उत्तर समुद्रात आलेल्या वादळी उधाणाने स्पर्नच्या अरुंद भागावरची वाळू आणि तिच्यावरचा रस्ता धुऊन नेला. तेव्हापासून मोठ्या भरतीच्या वेळी तो भाग पाण्याखाली जातो, दांड्याचे टोक काही तास बेट होते आणि ओहोटीला पुन्हा जमिनीला जोडले जाते.