काचेवरची वाफ आणि दारातलं पाणी

रेस ट्रॅकसाठी सोललेल्या गाडीला पावसात एक दुखणं हमखास जडतं, आतून काचेवर वाफ धरते. वजन उतरवायचं म्हणून गालिचे, डोअर पॅड, मागची सीट, एसी, हीटर सगळं निघतं आणि काच कोरडी ठेवणारी व्यवस्थाही त्याच ढिगात जाते. अशा गाड्या तयार करणं हाच माझा धंदा, त्यामुळे तक्रार नवी नव्हती. पण त्या दिवशीच्या गाडीने डोकं खाल्लं.

पावसाची झड लागली होती. पिटमधून, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यातून, निघताना काच लख्ख असायची. काही लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) झाले की ड्रायव्हरच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यातून वाफ वर चढायला लागायची. तो सरळ रस्त्यावर हातमोजा फिरवत कसाबसा परत यायचा. हातमोज्याने काचेवर तेलकट फराटे उठतात आणि पुढच्या वेळी वाफ आधी तिथेच धरते. निदान स्वच्छ सुती फडकं तरी जवळ ठेवावं.

मालकाने वाफ रोखणारा स्प्रे मारून पाहिला होता, शेव्हिंग फोमही चोळून झाला होता. हे उपाय खोटे नाहीत. साबणासारख्या पदार्थाने पाण्याचे थेंब न बनता सपाट थर बसतो आणि आरपार दिसतं. पण पाणी येतच राहिलं की थर जाड होऊन ओघळतो आणि समोरचा रस्ता लहरायला लागतो. इथे नेमकं तेच चाललं होतं.

"श्वासाने होत असणार," मालक म्हणाले. श्वास आणि घाम मिळून पाणी कमी निघत नाही, हे खरं. पण तसं असतं तर गाडी उभी असतानाच, तोंडासमोर वाफ धरली असती. ही धावताना आणि खालून येत होती.

मी टॉर्च घेऊन ड्रायव्हरच्या पायापाशी वाकलो. पत्र्यावर पाण्याचं डबकं होतं. शेजारच्या टनेलला, म्हणजे गाडीच्या मधोमध असलेल्या पत्र्याच्या उंचवट्याला, हात लावला तर क्षणभरही ठेववेना, कारण खालून सायलेन्सरचा पाइप जातो आणि आतलं जाड मॅट खरवडून काढलेलं. प्रत्येक वळणावर डबक्यातलं पाणी त्या तापल्या पत्र्यावर चढत होतं. चहाचं आधण ठेवल्यासारखीच वाफ निघत होती म्हणा ना.

पाणी येत कुठून होतं? मी एक मग पाणी दाराच्या काचेवर बाहेरून हळूहळू ओतलं आणि आतून पाहत बसलो. ते बीडिंगमधून, म्हणजे काचेलगतच्या रबरी पट्टीतून, दारात उतरलं, काच उचलणाऱ्या पट्टीवर आपटलं आणि सरळ आत उडालं. बीडिंगमधून पाणी उतरतं ते प्रत्येक गाडीत. ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर जावं म्हणून डोअर पॅडमागे प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. पॅड काढताना तोही फाडून फेकलेला. वजन किती, तर मूठभर!

जाड प्लास्टिक कापून ब्युटाइल टेपने (चिकट रबरी पट्टीने) दाराला लावलं, तळाची भोकं तारेने मोकळी केली, पत्रा कोरडा केला. मग हवेकडे वळलो. काचेच्या पायथ्याशी, बॉनेटच्या मागे, धावत्या गाडीवर हवेचा दाब जास्त असतो. कंपन्या ताजी हवा तिथूनच घेतात. हीटर काढल्यावर ते तोंड पत्र्याने बंद केलं होतं. ते उघडून एक होज काचेच्या खालच्या कडेला नेला आणि मागच्या बाजूच्या पॉलिकार्बोनेटच्या (पारदर्शक प्लास्टिकच्या) खिडकीला भोक पाडलं. बाहेर जायला वाट नसेल तर हवा आत शिरतच नाही.

"बाहेर पाऊस, ती ओली हवा आत घेऊन काय साधणार?" मालकांनी विचारलं. शंका रास्त होती. पण बाहेर १२ अंशांची, पूर्ण ओली हवा असली तरी तीच २५ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास येते. गरम केलेली पावसाळी हवा काचेला कोरडीच. न तापवताही ती त्या डबक्यावरच्या हवेपेक्षा बरी.

मग त्यांनी सुचवलं, फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, भोक पाडून इंजिनाची गरम हवाच घेऊ. ते मी साफ नाकारलं. धूर, इंधनाची वाफ आणि आग, तिन्हींना तो थेट रस्ता. १२ व्होल्टवरचे छोटे हीटरही कामाचे नाहीत. १५० वॅटचा हीटर साडेबारा अँपिअर ओढतो आणि एवढ्या मोठ्या काचेला जेमतेम फुंकर घालतो. कूलंटवरचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यावर चालणारा) हीटर इंजिन फुकट टाकणाऱ्या उष्णतेतून कित्येक किलोवॅट देतो.

दुपारच्या सत्रातही पाऊस होताच. पिटमध्ये उभं असताना काचेच्या कडेला थोडी वाफ धरली, गाडीने वेग घेतला तशी ती विरली. ड्रायव्हर पूर्ण सत्र करून आला, हातमोजा कोरडा. उभ्या गाडीसाठी लहान हीटर आणि ब्लोअर बसवा असं मी सांगितलंय. काही किलो परत चढणार म्हणून मालक अजून कुरकुरतायत. दुसऱ्या दाराचा पडदा मात्र त्यांनी संध्याकाळी स्वतःच कापून लावला.