कमरेचं माप दोन इंचांनी वाढलं तेव्हा

मी ठाण्यात, चेंदणीत राहते आणि घरीच शिलाईकाम करते. घरातल्या सगळ्यांची मापं माझ्या वहीत असतात. दोन वर्षांपूर्वी श्रावणात धाकट्याची शाळेची पँट कमरेत 21 इंच धरून शिवली. दहा दिवसांनी हुक लागेना. टेप लावली तर 23. सहा वर्षांचं पोर दहा दिवसांत दोन इंचांनी वाढत नाही.

त्याआधी आठवडाभर सकाळी त्याचे डोळे सुजायचे आणि दुपारपर्यंत उतरायचे. सासूबाई म्हणाल्या, डास चावला असेल. एका डॉक्टरांनी ॲलर्जीचं सिरप दिलं, तेही पाजून झालं. मग एका संध्याकाळी मोजे काढताना इलॅस्टिकचा वळ पिंढरीवर इतका खोल दिसला की मी रात्रीच बालरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "लघवीला फेस येतो का?" येत होता. मला वाटायचं, मोरीत फिनाईल टाकते त्याचा असेल.

लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, 4+, म्हणजे खूपच जास्त. रक्तातलं अल्ब्युमिन पार खाली, कोलेस्टेरॉल वर. आजाराचं नाव नेफ्रॉटिक सिंड्रोम. नातेवाइकांनी त्यातून एकच शब्द उचलला, किडनी, आणि फोनवर रडारड सुरू झाली. त्याची किडनी फेल झालेली नव्हती. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, व्यवस्थित होतं. बिघडली होती ती गाळणी, आणि तिच्यातही एकाच जातीच्या पेशी.

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे चित्र काढून दाखवलं. ती चिठ्ठी मी अजून वहीत ठेवली आहे. एका किडनीत साधारण 10 लाख गाळण्या. प्रत्येक गाळणी म्हणजे केसांहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. त्या वाहिन्यांना बाहेरून कवटाळून बसलेल्या पेशी म्हणजे पोडोसाइट. ग्रीक भाषेत पायाला जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडलं, कारण या पेशींना खरंच पाय असतात. एका पेशीचे पाय शेजारणीच्या पायांमधे जातात आणि दोन पायांमधे साधारण 40 नॅनोमीटरची फट उरते. त्या फटीवर नेफ्रिन नावाचं प्रथिन असतं. इकडच्या पायातून निघालेले त्याचे रेणू तिकडून आलेल्या रेणूंमधे मधोमध अडकतात. मी म्हटलं, "डॉक्टर, ही तर चेन झाली." ते म्हणाले, शास्त्रज्ञही तिला चेनच म्हणतात. मोठ्या माणसाच्या शरीरात दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी या गाळण्यांतून जातं. त्यातलं दीड-दोन लिटरच लघवी होऊन बाहेर पडतं, बाकीचं शरीर परत घेतं. अल्ब्युमिन मात्र मुळात पलीकडे जायलाच नको, ते अडवायचं काम याच चेनचं.

माझ्या लेकाच्या पोडोसाइटचे पाय आखडून सपाट झाले होते. चेन उसवली, अल्ब्युमिन लघवीवाटे निघालं. रक्तवाहिन्यांत पाणी धरून ठेवतं ते अल्ब्युमिनच. ते कमी झालं की पाणी बाहेर झिरपतं, शरीर मीठ साठवू लागतं, आणि पँटचा हुक लागत नाही. त्याच्या वयाच्या मुलांत बहुतेकदा जो प्रकार दिसतो त्याला मिनिमल चेंज म्हणतात, कारण साध्या सूक्ष्मदर्शकाखाली गाळणी चांगलीच दिसते. सपाट झालेले पाय फक्त इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसतात. लहान मुलांत आधी स्टेरॉईड देऊन बघतात आणि बहुतेकांना गुण येतो, म्हणून सुरुवातीलाच बायोप्सी, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणी, करत नाहीत.

सहा आठवडे रोज गोळी, मग सहा आठवडे एक दिवसाआड. त्याचा चेहरा पुरणपोळीसारखा गोल झाला. भूक इतकी की रात्री अकराला पोळी मागायचा. त्या वर्षी गणपतीत चकलीचा डबा मी वरच्या फळीवर ठेवला, कारण मीठ तोडलं होतं. तो रडला आणि मीही रडले.

अकराव्या दिवशी लघवी स्वच्छ आली. ते मला कुणी सांगितलं नाही, मी स्वतः पाहिलं. रोज सकाळची पहिली लघवी काचेच्या नळीत पाऊण भरायची, नळी चिमट्यात तिरकी धरून वरचा भाग तापवायचा. अंड्याचा पांढरा भाग तव्यावर पडताच जसा थिजतो तसंच हे, तेही अल्ब्युमिनच. वर गढूळ दिसलं तर व्हिनेगरचे दोन-तीन थेंब टाकायचे. क्षारांचा गढूळपणा विरतो, अल्ब्युमिनचा राहतो. मग नळीमागे छापील कागद धरायचा. अक्षरं स्पष्ट वाचता आली की माझा दिवस चांगला. हल्ली पट्टीने तपासते, पण सणासुदीला पट्ट्या संपल्या तर नळी आहेच.

दुसऱ्या पावसाळ्यात सर्दी झाली आणि पाठोपाठ तीन दिवस सलग 3+ आलं. म्हणजे आजार उलटला. बऱ्याच मुलांत तो असा उलटतो, हे आधी सांगून ठेवलेलं होतं. तिसऱ्या दिवशीच डॉक्टरांना फोन केला, अंगावर सूज यायच्या आत गोळी सुरू झाली आणि शाळेचे चारच दिवस बुडाले. ज्या आयांना रोजची तपासणी कटकट वाटते त्यांना मला एवढंच सांगायचं आहे की बाकीचे दिवस या रोजच्या तपासणीने वाचवले.

पण असं होतं कशामुळे? 1998 मध्ये नेफ्रिनचं जनुक सापडलं ते फिनलंडमधल्या बाळांच्या जन्मजात आजारावरून. त्यांच्यात चेनचे दातच नीट बनत नाहीत. 2024 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात, मिनिमल चेंज असलेल्या अनेकांच्या रक्तात नेफ्रिनवरच हल्ला करणारी प्रतिपिंडं, म्हणजे एरवी रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं, सापडली. म्हणजे शरीर स्वतःच ती चेन ओढत असतं. हे वाचलं त्या रात्री मला शांत झोप लागली. मी त्याला काय खायला घातलं, काय चुकलं, हा प्रश्न वर्षभर छातीवर बसला होता.

याच वाचनात दुसरी गोष्ट कळली आणि तिने झोप पुन्हा उडाली. मधुमेहातही पोडोसाइटच मरतात. लेकाच्या पेशींचे पाय आखडतात, पण पेशी जागेवर असतात, पाय पुन्हा पसरतात. साखरेने मात्र पेशीच सुटून लघवीत वाहून जाते, आणि पोडोसाइट विभागून आपल्यासारखी दुसरी तयार करू शकत नाही. उरलेल्या ताणून जागा भरतात. त्यांनाही जमेनासं झालं की गाळणीवर व्रण धरतो.

सासूबाईंना चौदा वर्षं मधुमेह. दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन व्हायचं, 0.9 यायचं, आणि आम्ही कागद फाईलला लावायचो. लघवीतलं अल्ब्युमिन एकदाही कुणी पाहिलं नव्हतं, आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं. क्रिएटिनिन बऱ्याच उशिरा वाढतं, लघवी आधी बोलते. मधुमेह असलेल्यांनी ही तपासणी वर्षातून एकदा करायची असते.

"आई, उद्या सकाळची लघवी या बाटलीत द्या," मी म्हटलं.

"माझी कशाला? मला काय सूज आहे?"

"सूज यायची वाट बघायची नाही."

रिपोर्ट आला 142. हा आकडा 30 च्या आत हवा. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलून अल्ब्युमिनची गळती कमी करणारी दिली आणि साखरेवरही नवी गोळी सुरू केली. तीन महिन्यांनी 88 आला. गेलेल्या पेशी येणार नाहीत, हे आईंना मी न लपवता सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मग आहेत त्या सांभाळू."

मापांच्या वहीत आता शेवटची दोन पानं वेगळी आहेत. एकावर नातू, एकावर आजी. आज सकाळी नातवाच्या पानावर निल लिहिलं. आजीची बाटली सोमवारी द्यायची आहे.